उन्हाळ्याची दुपार, कुलूपबंद खोली आणि चिचोक्यांचा पट

मागच्या आठवड्यात टँकरच्या बातमीसाठी अमरावती रोडच्या मागच्या एका गल्लीत गेलो होतो. दुपारचा दीड वाजला होता, गल्लीत चिटपाखरू नाही. एका खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि खिडकीतून आवाज येत होता. डोकावलो तर आत दोन लेकरं. मोठा भाऊ दहाएक वर्षांचा, बहीण सहा-सात. कूलर घरघरत होता आणि दोघांचं डोकं एकाच मोबाइलवर.

"काय करून राह्यले रे?"

"गेम खेळतो काका. आई पाच वाजता येते."

आई एमआयडीसीत कामाला, बाप ट्रकवर. शेजारची म्हातारी अधूनमधून डोकावून जाते, पाण्याची बाटली खिडकीतून देते. म्हणजे आईबापानं लेकरं वाऱ्यावर सोडलेली नव्हती. जेवढं जमलं तेवढं केलं होतं.

"कोणता गेम?"

"लुडो."

"मग तू आणि बहीण खेळता का?"

पोरगा म्हणाला, "नाही, ती रडते. मी कम्प्युटरसंग खेळतो. समोर कोणी लागत नाही."

"समोर कोणी लागत नाही" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बातमी टँकरची लिहिली, पण मन त्या खिडकीतच राहिलं. मित्रांनो, आज जरा लांब लिहितो आहे, वेळ काढून वाचा. विषय पोराटोरांच्या खेळाचा वाटेल, पण तो तेवढाच नाही.

*त्या लुडोचा इतिहास*

तो पोरगा मोबाइलवर जे खेळत होता ते मुळात आपल्याच घरातलं. पचिशी, चौसर, सारीपाट, सोंगट्या अशी नावं वेगवेगळी, पण कूळ एकच. अधिक चिन्हासारखा कापडी पट, मधे घर, चार बाजूंनी सोंगट्या, आणि दान टाकायला कवड्या किंवा फासे. अकबराच्या काळच्या फत्तेपूर सिक्रीत अंगणातल्या फरशीवरच पचिशीचा भला मोठा पट आखलेला आहे, आजही पर्यटकांना दाखवतात. हा खेळ आपल्या देवांनाही सुटला नाही. खंडोबाच्या जागरणातली कथा आठवा. खंडोबा म्हाळसेसोबत सारीपाट खेळतो, पैज हरतो आणि घर सोडून बानूच्या वाड्यावर धनगराचा चाकर होऊन राहतो. मल्हारी मार्तंड देव घरातल्या खेळात बायकोकडून हरतो, आणि लोक शेकडो वर्षं ही गोष्ट हसत हसत गातात.

कोजागिरीच्या रात्री जागरण करून फासे खेळायची रीतही जुनीच. म्हणजे घरात बसून खेळणं हा आपल्याकडे रिकामटेकडा उद्योग कधी नव्हता. सणावारात त्याला जागा होती.

मग इंग्रज आले आणि जाताना इतर गोष्टींसोबत हा पटही घेऊन गेले. तिकडे त्यांनी कवड्या काढून ठोकळ्याचा फासा दिला, नियम सोपे केले, आणि 1896 मध्ये इंग्लंडमध्ये 'लुडो' नावानं त्याचं पेटंट झालं. लुडो हा लॅटिन शब्द, अर्थ 'मी खेळतो'. मग तोच खेळ रंगीत पुठ्ठ्याच्या डब्यात घालून आपल्याला परत विकला. आपण विकत घेतला आणि 'इंग्रजी खेळ' म्हणून जपून कपाटावर ठेवला.

गोष्ट इथंही संपत नाही. 2016 मध्ये 'लुडो किंग' हे ॲप आलं, आणि ते बनवणारी कंपनी आपल्याच महाराष्ट्रातली, नवी मुंबईची. 2020च्या लॉकडाऊनमध्ये तर घराघरात तेच चालू होतं. तेव्हा एक गोष्ट मात्र चांगली होती. पुण्यातला मामा, नागपूरची मावशी आणि गावाकडचा भाचा असे लोक एकमेकांसोबत खेळत होते. समोर कोणीतरी होतं, दूर का होईना.

पट आपल्या घरातून लंडनला गेला, तिथून डब्यात बसून परत आला, आणि आता मोबाइलमध्ये शिरला. एवढ्या प्रवासात पट टिकला, सोंगट्या टिकल्या, दान टिकलं. गळालं ते एकच, समोर बसणारं माणूस. शेकडो वर्षांत पहिल्यांदाच हा खेळ एकट्यानं खेळता येऊ लागला आहे. माझ्या मते घरातल्या खेळांच्या इतिहासात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच.

*वाडीची दुपार*

आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, वाडी अशी नव्हती. ग्रामपंचायत होती. एकीकडे अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिची क्वार्टर्स, दुसरीकडे हायवे, आणि हळूहळू वाढणारी ट्रान्सपोर्टची गोदामं. दुपारी बारानंतर आई दाराला आतून कडी घालायची. "भाईर जाऊ नको, लू लागन," हे वाक्य मार्चपासून जूनपर्यंत रोज. नागपूरचा मे कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता. उरलेल्या महाराष्ट्रात शाळेची घंटा वाजते तेव्हा आपल्या विदर्भात अजून सुट्टीच असते, ती याच उन्हामुळे.

म्हणजे आपल्याकडे दुपारी बारा ते पाच मुलं घरात कोंडली जाणं ही मोबाइलच्या आधीची गोष्ट. प्रश्न कायम तोच, या पाच तासांचं करायचं काय?

आमच्या घरी उत्तर होतं चिंचोके, म्हणजे आपले चिचोके. चिंच निवडली की आजी चिचोके डब्यात टाकायची. आम्ही ते उंबऱ्याच्या दगडावर घासायचो. एक बाजू घासून पांढरी झाली की झाली कवडी. फरशीवर खडूनं किंवा कोळशानं पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरं काढायची. मधल्या घरावर फुली, चारी बाजूंच्या मधल्या घरांवरही फुली. फुलीवर बसलेली सोंगटी मरत नाही. चार चिचोके टाकायचे. जितके पांढरे वर तितकी घरं. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा अजून एक दान.

या खेळाला कुणी अष्टाचंगा म्हणतं, कुणी चल्लसआठ. गाव बदललं की नाव बदलतं. तेलंगण-आंध्रात अष्टाचम्मा, कर्नाटकात चौकाबारा, गुजरातेत इश्तो. वाडीत हे सगळं एका जागी सापडतं, कारण देशभरचे ट्रक इथं उभे राहतात. ट्रान्सपोर्टच्या लाइनीत ट्रकखाली सावलीत बसलेल्या ड्रायव्हर-क्लीनरना कधी विचारून बघा. पत्ते बाजूला ठेवून प्रत्येक जण आपल्या गावचं नाव सांगतो, आणि 'खरे नियम' आपल्याच गावचे असं भांडून सांगतो.

या खेळात आम्ही काय शिकलो? शाळेत 'मोजणी' हा शब्द यायच्या आधी मोजायला शिकलो. धाकट्या बहिणीची सोंगटी मारायची की नाही, हे ठरवायला शिकलो. आणि हरलं की डाव उधळायचा नाही हे शिकलो. ते सगळ्यात अवघड होतं. मी दोनदा पट पुसला होता आणि दोन्ही वेळा आजीनं मला पुढचे तीन डाव बाहेर बसवलं होतं. कम्प्युटर बाहेर बसवत नाही. आवडलं नाही की ॲप बंद करा, नवीन डाव सुरू करा.

*शिड्या कमी, साप जास्त*

दुसरा खेळ सापशिडी. याचंही मूळ आपल्याकडेच. आपण त्याला मोक्षपट म्हणत होतो. परंपरा त्याचा संबंध थेट ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. आज हातात असलेले जुने पट मात्र बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. डेन्मार्कचे अभ्यासक याकोब श्मिट-मॅडसन यांनी 2019 मध्ये पश्चिम भारतातल्या या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात अख्खा प्रबंध लिहिला. डेन्मार्कचा माणूस आपल्या पोथ्यांमधले पट शोधत फिरतो आणि आपल्या घरात त्याची आठवणही नाही.

मोक्षपटात घरांना नुसते आकडे नव्हते, प्रत्येक घराला नाव होतं. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण. दया, भक्ती, सत्संग मिळाला की वर. क्रोध, लोभ, अहंकार आला की थेट खाली. शेवटचं घर मोक्ष. घरांची संख्या पंथापंथात वेगळी, जैनांचा पट 84 घरांचा, इतरांचे वेगळे. बहुतेक पटांवर साप जास्त आणि शिड्या कमी असत. चांगलं वागणं अवघड, घसरणं सोपं, हे लेकरांना भाषण न देता कळायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा पटही इंग्लंडात गेला. तिथं आधी त्यांनी आपल्या संस्कारांची चित्रं घातली, मग हळूहळू सगळीच चित्रं गेली आणि उरले 1 ते 100 आकडे. आपल्याकडे परत आली ती ही आकड्यांची सापशिडी.

*घरात खेळ, पण कुणासाठी?*

आता एक कडू गोष्ट. जुन्या खेळांची आठवण काढताना आपण हळवे होतो, पण घरातले खेळ सगळ्यांसाठी सारखे नव्हते. पोट्ट्यांना ऊन उतरलं की मैदान मोकळं, विटीदांडू, गोट्या, नदीवर पोहणं. पोरींना मात्र ऊन असो की चांदणं, घरच. सागरगोटे, भातुकली, कवड्या हे पोरींचे खेळ झाले, कारण ते माजघरात बसून खेळता येत होते.

भातुकली तर सरळ सरळ तालीम होती. 1929 मध्ये शारदा कायदा झाला तेव्हा मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरलं 14. त्याआधी त्याहून लहान वयात लग्नं होत होती. म्हणजे आठव्या वर्षी खोटी चूल मांडणारी पोरगी दोन-चार वर्षांत खऱ्या चुलीपुढं बसत होती. त्या खेळातली गंमत खरी, पण त्यातली सक्तीही खरी.

तरी त्या चार भिंतींतही पोरींनी आपली जागा शोधली. आपल्या विदर्भाची भुलाबाई घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी पोरी एकमेकींच्या घरी जातात, भुलाबाई-भुलोजींपुढं गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा झाकलेला, फक्त वाजवून दाखवायचा. शेंगदाणे वाजतात वेगळे, फुटाणे वेगळे, साखर वेगळी. डबा अजिबात वाजला नाही तर शिरा की पेढा यावर वाद. यासाठी एक रुपयाचंही सामान लागत नाही, आणि यात प्रत्येक घराचं दार पोरींसाठी उघडं असायचं. आज अपार्टमेंटमध्ये समोरच्या फ्लॅटची बेल वाजवायला पोरं कचरतात, तेव्हा हे 'दार उघडं असणं' मला खेळाहून मोठं वाटतं.

आणि याच घरातल्या खेळातून पोरी दाराबाहेरही गेल्या. 1974 मध्ये देशातली पहिली महिला बुद्धिबळ स्पर्धा बंगळूरला झाली. जिंकली मुंबईची वासंती खाडिलकर. मग जयश्री, मग रोहिणी. या तीन बहिणींनी पहिली दहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. वडील नीळकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक, म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. 1976 मध्ये रोहिणी तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ झाला. प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांच्यापर्यंत गेलं, आणि बाईला खुल्या स्पर्धेतून अडवता येणार नाही असा निकाल लागला. 1981 मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली.

आणि आपल्या नागपूरचं म्हणाल तर 28 जुलै 2025 हा दिवस विसरता येणार नाही. जॉर्जियातल्या बातुमी शहरात आपली दिव्या देशमुख, वय 19, अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय. त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली, देशाची 88वी. त्यामागे प्रशिक्षक, स्पर्धा, खर्च आणि आईवडिलांची कित्येक वर्षं आहेत. नुसता पट घरी आणून ठेवला की पोरगी दिव्या होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण पट मांडून समोर कोणीतरी बसल्याशिवाय सुरुवातही होत नाही, एवढं नक्की.

*महाग सामान नको, हे आधीच सिद्ध झालंय*

"आमच्याकडे पैसे नाही, महागडे खेळ कुठून आणायचे?" असं पालक म्हणतात. याचं उत्तर एका बाईनं शंभर वर्षांपूर्वी शोधायला सुरुवात केली. ताराबाई मोडक. लग्नानंतर काही काळ आपल्या अमरावतीतच होत्या. पुढे 1923 मध्ये गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तिथं मॉन्टेसरी पद्धत चालायची, पण तिची साधनं महाग. गरिबाच्या पोरापर्यंत ती पोचणार कशी? 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि गावात, मग आदिवासी पाड्यांवर काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. विकतच्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या आल्या. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज गल्लीगल्लीत जी 'अंगणवाडी' आहे तिचं मूळ त्या कामात आहे. सरकारची योजना आली 2 ऑक्टोबर 1975 ला. ताराबाई त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या.

दुसरा माणूस अरविंद गुप्ता. कानपूर आयआयटीचे इंजिनिअर. 1978 मध्ये ते होशंगाबादला, म्हणजे आपल्या इटारसी लाइनीकडे, तिथल्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात गेले. आठवडी बाजारात फिरताना त्यांनी सायकलची वॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या घेतल्या. ट्यूबचे छोटे तुकडे सांधे झाले, काड्या बाजू झाल्या. त्रिकोण, चौकोन, घर, पूल सगळं उभं राहिलं. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाच्या लोखंडात त्रिकोण का असतात ते पोराला हातानं कळतं. पुढे ते पुण्यात आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते, 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं, मराठीतली सुद्धा, इंटरनेटवर फुकट आहेत. तसंच बालभारतीचं 'किशोर' मासिक. 1971 पासून निघतं, आणि जुने अंक फुकट वाचायला मिळतात. मोबाइल हातात आहेच, तर त्यातून हेही काढता येतं.

*मग अडतं कुठं?*

चिचोके फुकट, खडू दोन रुपयाचा, पुस्तकं फुकट. अडतं ते माणसावर. आजी गावाकडे राहिली. आई कंपनीत, बाप गाडीवर किंवा दुकानात. खोली एक, तीही भाड्याची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तितका बरा. वाचायला बरं आहे. पण कुलूपबंद खोलीत उरलेले चार तास कोण देणार, हे त्यात लिहिलेलं नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझं सांगतो. माझी पोरगी चौथीत आहे. मागच्या महिन्यात ती पत्ते घेऊन माझ्यासमोर बसली. मी मोबाइलवर बातमीचा ग्रुप बघत होतो. म्हटलं, "दोन मिनिटं थांब." वीस मिनिटांनी पाहिलं तर ती एकटीच दोन्ही बाजूंचे पत्ते टाकत होती. एकदा इकडून, एकदा तिकडून. मी विचारलं, "कोण जिंकून राह्यलं?" ती म्हणाली, "तुम्हीच. तुमचे पत्ते मी टाकून राह्यली ना."

माझ्याकडे आजी आहे, दोन खोल्या आहेत, दुपारी घरी येता येतं. तरी ही तऱ्हा. मग त्या खिडकीतल्या पोराच्या आईबापाला मी कोणत्या तोंडानं बोलू?

म्हणून दोन गोष्टी मांडतो. एक घरासाठी, एक गावासाठी.

घरासाठी, रोज फक्त अर्धा तास. मोबाइल दुसऱ्या खोलीत, नाहीतर डब्यात. आणि यातलं काहीही एक:

– चिचोके घासून अष्टाचंगा. घासायचं काम पोरांनाच द्या, एक दुपार त्यातच जाते.

– खिरापत ओळखणं. स्टीलचा डबा, आत काहीही. डोळे मिटून फक्त आवाजावर. पाच वर्षांचं लेकरू दहा वर्षांच्या भावाला हरवू शकतं असा हा दुर्मीळ खेळ.

– काड्या आणि वॉल्व्ह ट्यूब. काड्यांचा गूल आधी मोठ्यांनी खरवडून काढा. लहानग्यांच्या तोंडात तुकडे जाऊ देऊ नका.

– आपल्या घरचा मोक्षपट. जुन्या कॅलेंडरच्या मागे 50 घरं काढा. शिड्या आणि साप पोरांना ठरवू द्या. आमच्या घरी पोरीनं शिडी काढली 'पाखरांना पाणी ठेवलं' आणि साप काढला 'ट्रकमागे लटकलो'. सगळ्यात लांब साप होता 'दोन मिनिटं थांब'. तो कुणासाठी हे तिनं सांगितलं नाही. गरज नव्हती.

गावासाठी, वॉर्डात एक खोली. वाडी आता नगर परिषद आहे. उन्हाळ्यात शाळांच्या खोल्या दोन महिने बंद असतात. समाजभवनं लग्न नसेल तेव्हा रिकामी. त्यातली एक खोली, दुपारी बारा ते पाच. एक कूलर, एक माठ, पाच-सहा बुद्धिबळाचे पट, दोन कॅरम, 'किशोर'चे अंक, खडू. आणि लक्ष ठेवायला दोन माणसं. वाडीत फॅक्टरीतून रिटायर झालेले किती लोक आहेत! दुपारी घरात पडून असतात, आणि कॅरमवर अजूनही पोट्ट्यांना रडवतील. पुण्यात 'पालकनीती'च्या लोकांनी वस्तीतल्या मुलांसाठी 1996 पासून 'खेळघर' चालवून दाखवलं आहे. आपण अगदी तसंच करावं असं नाही. निदान मे महिन्यापुरतं करून पाहू.

यात कुणावर उपकार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातल्या 31व्या कलमात खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे, आणि भारतानं तो करार 1992 मध्ये मान्य केला. रस्ता, नाली, पाणी यांच्यासाठी आपण निवेदन देतो. या खोलीसाठीही देता येतं. मसुदा मी करतो, सह्या तुम्ही करा.

*शेवटचं*

रविवारी त्या खोलीकडे परत गेलो. दार उघडं होतं, आई घरीच होती, कपडे धूत होती. खिशातून चार चिचोके आणि खडू काढला आणि पोरांना पट काढून दाखवायला लागलो. नियम सांगत होतो तेवढ्यात ती बाई हात पुसत आली.

"दादा, असं नाही. चार पडले तरी अजून एकदा टाकाचं राह्यते. तुम्ही फक्त आठवरच सांगून राह्यले."

खरंच माझं चुकलं होतं. ती गोंदियाकडची. लहानपणी आईसोबत खेळलेली. लग्नानंतर इथं आल्यापासून एकदाही खेळली नव्हती. पोरगा तिच्याकडे बघतच राहिला, आईला हे येतं म्हणून. बाई खाली बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. पहिलं दान पोरीनं टाकलं. चारही काळे, आठ. पोरगी ओरडली. भाऊ म्हणाला, "हे चालत नाही," आणि दोघांचं भांडण सुरू झालं.

मी निघालो तेव्हा भांडण चालूच होतं, आणि मोबाइल चार्जिंगला लागला होता.

सोमवारी बाई परत कामावर गेली, दाराला परत कुलूप लागलं. एका रविवारनं प्रश्न सुटत नाही, म्हणून त्या एका खोलीचं बोलतो आहे. कुणाकडे जागा असेल, कुणी दुपारी बसायला तयार असेल, तर मला कळवा. आणि तुमच्या गावात चिचोक्यांच्या त्या खेळाला काय म्हणतात, तेही नक्की लिहा. नियमांवरून भांडायचं असेल तर भांडा. त्या निमित्तानं समोरासमोर तर बसू.